गुलाबचा पाऊस, शाहीनचं वादळ : ठाणे आणि नवी मुंबईतले जूनचे दिवस

शुक्रवार, ठाणे

कर्जत सोडलं की उल्हास नदी रुळाच्या सोबतीला येते. २७ जुलै २०१९ ला याच पट्ट्यात, वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या होत्या. आमची लातूर-मुंबई एक्सप्रेस तिथून गेली तेव्हा नुकतं उजाडत होतं. नदी काठात होती. पण समोरच्या बर्थवरचे बदलापूरचे गृहस्थ खिडकीतून पाण्याकडे बघत होते ते त्या दिवसाच्या आठवणीनेच. "इथं ऊन असतं हो," ते म्हणाले, "पाऊस वर लोणावळ्याकडे पडतो. पाणी आल्यावर कळतं."

आमच्याकडे मांजरा नदीकाठचा माणूसही अगदी हेच म्हणतो.

मी औसा तालुक्यातली शिक्षिका, घरची शेती. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, मुलं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतात. वाशीत हवामानाच्या नोंदींवर एक छोटं चर्चासत्र होतं. शेजारच्या देशांतून काही पाहुणे येणार होते, नोंदी ठेवणाऱ्या शाळांनाही बोलावणं होतं. शाळा उघडायच्या आत जाऊन यावं म्हणून निघाले. नेरुळला मावसबहीण राहते, त्यामुळे राहायची चिंता नव्हती.

ठाण्यात मात्र मी मुद्दाम उतरले. पोखरण रोडच्या बाजूला राहणारे एक काका गेली कित्येक वर्षं गच्चीवर पाऊस मोजतात. कल्याण, बदलापूर, कर्जत, पनवेलचे हौशी लोक मिळून त्यांचा एक ग्रुप आहे. साडेआठ वाजले की एकामागून एक आकडे येतात. मी पोहोचले तेव्हा काका छत्री धरून गच्चीवरच होते. मागे येऊरचा डोंगर ढगात बुडालेला, समोर ठाण्याच्या इमारती कोरड्या दिसत होत्या. डोंगराच्या कुशीतला पाऊस आणि स्टेशनजवळचा पाऊस यांची बेरीज करून सरासरी काढू नये, हे ते मला पुनःपुन्हा सांगत राहिले.

"२६ जुलै २००५," काका म्हणाले. "सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला ७३. मधे अंतर किती, वीस-पंचवीस किलोमीटर! कुलाब्याच्या आकड्यावर विसंबलेल्या माणसाला त्या दिवशी काय कळलं असतं?"

तेव्हा मुंबईत ढगांतल्या पावसाचा वेध घेणारं डॉप्लर रडारही नव्हतं. आज कुलाब्याला आहे, वेरावलीला आहे, स्वयंचलित केंद्रं जागोजाग आहेत. तरीही काकांचं म्हणणं मला पटलं. मोजणारे वाढले, पण प्रत्येकाचा आकडा त्याच्याच घरात राहतो. एका शहराच्या पावसाचा तक्ता चित्र म्हणून फिरतो, दुसऱ्याचा पीडीएफमध्ये, तिसऱ्याचा फक्त फोनवर सांगितला जातो. नदीला शहराची हद्द माहीत नसते, आणि तिच्या काठची शहरं मात्र वेगवेगळ्या वहीत लिहितात.

आमच्या मराठवाड्यात पावसाचा आकडा हा थेट पैशाचा प्रश्न असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, तर मदत. महावेध या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान यंत्रं आल्यापासून महसूल मंडळनिहाय आकडा मिळतो, राज्यभर दोन हजारांहून अधिक केंद्रं आहेत. पण यंत्र एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात झाली, तर शेतकऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं. काका हे ऐकताना वहीत टिपून घेत होते.

दुपारी त्यांनी तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ खाऊ घातली. लातूरची असूनही डोळ्यांत पाणी आलं, इतकी तिखट. सोबत पाव कमी आणि ताक जास्त घ्यावं, हा माझा सल्ला. संध्याकाळी तलावपाळीवर पावसाची भुरभुर होती. वटपौर्णिमा जवळ आल्यामुळे बाजारात सुताच्या गुंड्या आणि फणसाचे गरे घेऊन बायका बसल्या होत्या. गरे घेतले आणि वाशीची लोकल पकडली.

(ट्रान्सहार्बरच्या गाड्या ठाणे स्टेशनात सगळ्यात पूर्वेकडच्या फलाटांवरून सुटतात. लांब पल्ल्याच्या गाडीने उतरलात तर पूल ओलांडायला दहा मिनिटं हातात ठेवा. ऐरोली-घणसोलीच्या बाजूने जाताना खाडीची खारफुटी बघायची असेल तर गर्दीच्या वेळा टाळा. हिवाळ्यात आलात तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जरूर जा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. जूनमध्ये पक्षी गेलेले असतात.)

शनिवार, वाशी

सकाळपासून मुसळधार. सभागृहात पोहोचेपर्यंत साडीचा काठ भिजला होता आणि तिथे सगळ्यांचीच तीच अवस्था होती, त्यामुळे ओळखी लवकर झाल्या. ढाक्याहून आलेल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांना सगळे आपा म्हणत होते, मीही म्हणू लागले. मोडक्या हिंदीत आमचं छान जमलं.

पहिलं सत्र नेहमीसारखं, पडद्यावर नकाशे आणि बाण. त्यातलं एक मात्र मला नीट कळलं आणि ते मी मुलांना सांगणार आहे. जगभरची हवामान केंद्रं फुगा सोडतात ते एकाच वेळेला धरून, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. मस्कतचा फुगा, कराचीचा फुगा, मुंबईचा फुगा, सगळे एकाच क्षणाची हवा मोजतात. जमिनीवरच्या नोंदी दर तीन तासांनी. आपली साडेआठची नोंदही त्याच साखळीतली, कारण तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात. हे आकडे काही मिनिटांत देशोदेशी पोहोचतात. संगणकावरचं प्रारूप (मॉडेल) अंदाज काढायला बसतं तेव्हा त्याला आधी आत्ताची हवा माहीत असावी लागते. ठाण्यावर परवा पाऊस किती, याचं उत्तर अरबी समुद्रावर आणि सोमालियाच्या किनाऱ्यापाशी आज वारा कसा आहे त्यावर अवलंबून. तो वारा मोजणारे लोक आपले नाहीत. त्यांनी मोजला आणि दिला, म्हणून आपल्याला कळतं.

१९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने मूलभूत नोंदी विनामूल्य, विनाअट द्यायच्या असा ठराव केला आणि २०२१ मध्ये त्याला आणखी व्यापक रूप दिलं, हे तिथे सांगण्यात आलं. ठराव कागदावरच राहतात असं आपण सहज म्हणतो. हा राहिलेला नाही.

चहाच्या वेळी खरी भेट झाली. मस्कतहून आलेले एक अभियंते उभे होते, हिंदी उत्तम, कारण लहानपणी शेजारी कच्छी व्यापाऱ्यांचं घर. मी लातूरची आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "लातूर समुद्रापासून किती लांब?" मी म्हटलं, "लांब, पण चक्रीवादळ आमच्या दारात येऊन गेलं आहे." आणि मी त्यांना गुलाबची गोष्ट सांगितली.

२६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी गुलाब आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. तिथून जोर ओसरत ते तेलंगणातून मराठवाड्यात आलं. २८ तारखेला आमच्याकडे आभाळ फाटलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ज्यांनी कापून ढीग लावले होते त्यांचे ढीगच वाहून गेले. आमच्या शेंगांना शेतात उभ्या उभ्या कोंब फुटले. माझ्या सासऱ्यांनी त्यानंतर कितीतरी दिवस शेताकडे तोंड केलं नाही.

ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तेच आमच्याकडे आलं."

गुलाबचं उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे त्याला पुन्हा बळ मिळालं, १ ऑक्टोबरला त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला शाहीन हे नवं नाव मिळालं. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर, अल बातिना भागात धडकलं. या गृहस्थांच्या बहिणीचं घर तिथल्याच सुवैकला. गाद्या, फ्रीज, मुलांची दप्तरं, सगळं चिखलात. एवढ्या उत्तरेला वादळ येतं हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. "पण आम्हाला आधी कळलं होतं," ते म्हणाले. "दिल्लीच्या चक्रीवादळ केंद्राची पत्रकं येत होती. माणसं हलवायला वेळ मिळाला."

आमच्या सोयाबीनवरून गेलेल्या ढगांनी त्यांच्या बहिणीचं घर बुडवलं. गुलाब हे नाव पाकिस्तानने दिलेलं, शाहीन कतारने. मधल्या सगळ्या वाटेवर कुणीतरी हवेचा दाब मोजत होतं आणि पुढच्याला सांगत होतं. मी आजवर गुलाबचा विचार आमच्या नुकसानीपुरता केला होता. त्या चहाच्या टेबलापाशी मला पहिल्यांदा त्याची पूर्ण वाट दिसली.

वादळांना नावं देण्याची ही पद्धत इथे २००४ पासून आहे. २०२० च्या यादीत तेरा देशांची प्रत्येकी तेरा, म्हणजे १६९ नावं आहेत. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव, म्यानमार, थायलंड, ओमान, इराण, कतार, सौदी अरेबिया, यूएई आणि येमेन. यातल्या कित्येकांचं एकमेकांशी पटत नाही. तरी दिल्लीचं केंद्र सगळ्यांना चक्रीवादळाची पत्रकं पाठवतं आणि सगळे आपापल्या नोंदी देतात.

हे कसं सुरू झालं ते आपांनी सांगितलं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये आजच्या बांगलादेशातल्या भोला इथलं चक्रीवादळ, किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचं चक्रीवादळ मंडळ उभं राहिलं आणि त्याच वर्षी बांगलादेशात गावोगावचे स्वयंसेवक नेमायला सुरुवात झाली. आज ते सत्तर हजारांच्या वर आहेत, त्यात निम्म्या बायका. आपांची आई त्यांतलीच एक. हातात भोंगा घेऊन दारोदार फिरायची. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक आधीच निवाऱ्यात पोहोचले होते. "अंदाज दिल्लीहूनही येतो, ढाक्याहूनही," आपा म्हणाल्या. "पण दार माझी आईच ठोठावते."

दुपारनंतर नद्यांचा विषय निघाला आणि सभागृहातलं वातावरण जरा जड झालं. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची पावसाळी माहिती चीनकडून भारताला मिळत असे, २०१७ मध्ये, डोकलामच्या भारत-चीन तणावाच्या वर्षी, ती आली नाही, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. नेपाळहून आलेल्या एका तरुणाने कोशीबद्दल सांगितलं. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिचा बांध नेपाळच्या हद्दीत फुटला आणि पाणी बिहारमध्ये शिरलं. वाऱ्याच्या नोंदी सहज दिल्या जातात, पाण्याच्या नोंदी देताना हात आखडतो. कारण पाणी अडवता येतं. मला स्वतःला वाटतं, पुराच्या दिवसांतली नदीची पातळी ही कुठल्याच देशाची खाजगी गोष्ट असू नये, आणि कुठल्या धरणाचीही नाही. हे मी उठून बोलले. टाळ्या पडल्या नाहीत, पण नेपाळचा तो मुलगा नंतर येऊन भेटला.

त्याच्याकडूनच कळलं की अचानक येणाऱ्या पुरांसाठी २०२० पासून भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंकेची एक सामाईक यंत्रणा चालते. चार किलोमीटर बाय चार किलोमीटर इतक्या बारीक चौकटीत पुढच्या सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची शक्यता सांगितली जाते. काठमांडूचा माणूस आणि ठाण्याचा माणूस एकाच नकाशावर आहेत.

जेवण साधं आणि चांगलं होतं. मसालेभात, अळूचं फतफतं, जिलेबी. आपांनी अळू दोनदा घेतलं.

रविवार, वाशी ते दिवाळे

पाऊस थांबला होता. मावसबहिणीने सकाळी वाशीतल्या एका धारण तलावापाशी नेलं. तिला तो फिरायला जायचा रस्ता म्हणून माहीत, मला बघायचा होता तो वेगळ्या कारणासाठी. नवी मुंबईचा बराच भाग भर घालून उभा राहिलेला आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीने हे तलाव आखले. भरती आली की खाडीच्या बाजूची झडप पाण्याच्या दाबाने मिटते, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. काही तलावांत आता गाळ भरला आहे, खारफुटी माजली आहे आणि ती काढायला न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटीही हवी आणि तलावाची खोलीही हवी, हा पेच खरा आहे. मला तरी त्यात कुणी एक दोषी दिसला नाही.

तिथून आपा आणि मस्कतचे गृहस्थ यांना घेऊन आम्ही दिवाळे गावात गेलो. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे होड्या काठाला, अंगणाअंगणांत जाळी पसरलेली. एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, सुई-दोऱ्याने जाळं सांधत बसले होते. आपांनी बसकण मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे धोक्याचा आकडा कितीपर्यंत जातो?" त्यांच्या बंदरांवरही आकड्यांचे इशारे असतात. तांडेल दादांना प्रश्न लगेच कळला. "तीन नंबरचा बावटा लागला का आमी होरी काढत नाय," ते म्हणाले. "निसर्गच्या टायमाला तर आठवडाभर आधी सांगितलेलां."

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं. ते नाव बांगलादेशने दिलेलं, नव्या यादीतलं पहिलं. दादांच्या चुलतभावाची श्रीवर्धनची सुपारीची वाडी त्या एका दुपारी आडवी झाली. झाडं उभी राहायला किती वर्षं लागतात हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आपा काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त दादांचा हात धरला.

भरतीची वेळ ते कशी काढतात हे मी विचारलं. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या आसपास भरती. आम्ही घड्याळ पाहिलं, साडेनऊ वाजत होते आणि पाणी काठोकाठ होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मस्कतच्या गृहस्थांनी हे वहीत लिहून घेतलं, कारण त्यांच्याकडचे कोळीही चांद्र तारखेवरच चालतात.

"मग अडचण कुठे येते?" मी विचारलं.

"माथेरानवर पाऊस परला का गाढी भरते, नि तां पानी खाडीन येतं," दादा म्हणाले. "उधानाची भरती नि वरचा पानी एकदम आला तर जानार कुठं? माथेरानला किती परला तां आमाला कोन सांगतंय?"

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या केंद्राचा समुद्राचा इशारा त्यांच्या फोनवर येतो. लाटा किती, वारा किती, मासळी कुठे मिळेल, सगळं. हिंदी महासागराची माहिती त्या जाळी सांधणाऱ्या हातात आहे. डोळ्यांसमोरच्या डोंगरावरचा पाऊस मात्र त्यांना कळत नाही. तीन देशांची माणसं त्या अंगणात बसलो होतो आणि सगळ्यांना हा प्रश्न ओळखीचा होता.

मी तिथूनच ठाण्याच्या काकांना फोन लावला. माथेरान-नेरळकडे त्यांच्या ग्रुपमधला कुणी आहे का? एक आहे, निवृत्त शिक्षक. दादांच्या मुलाचा नंबर त्याच वेळी ग्रुपमध्ये घातला गेला.

जेवण दादांच्या घरी. चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाची भाकरी, भाजलेले सुके बोंबील. आपांनी बोंबील बघताच ओळखले. कॉक्सबाजारच्या किनाऱ्यावर असेच बांबूंवर वाळत घालतात म्हणे. घरातल्या मावशींनी त्यांना वाटणाची कृती सांगितली, आपांनी त्यांना मोहरीच्या तेलातली सांगितली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी प्रमाणं बरोबर पोहोचली.

(दिवाळ्याला जायचं तर सकाळी जा. बाजारात ताजी मासळी जून-जुलैत कमी, सुकी भरपूर. पावसाळ्यात या बाजूला येताना फोनवर तीन गोष्टी ठेवा : हवामान खात्याचं मौसम, विजेसाठी दामिनी आणि भरतीचं वेळापत्रक. रडारचं चित्र कसं वाचायचं हे दहा मिनिटांत शिकता येतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि नारिंगी किंवा लाल इशारा एकाच दिवशी असेल तर सखल भागातून प्रवास पुढे ढकला.)

सोमवार, परतताना

दिवसभर मावसबहिणीकडे विश्रांती, रात्री ठाण्याहून गाडी. काका फलाटावर भेटायला आले होते, हातात एक जुनी वही, २००५ च्या जुलैतली पानं दाखवायला. २६ तारखेच्या रकान्यात आकडा नाही. भांडं भरून वाहिलं, रिकामं करायला वर जाता आलं नाही, एवढंच लिहिलेलं. त्यांनी अंदाजाने आकडा घातला नाही याचं मला फार अप्रूप वाटलं.

आम्ही ठरवलं ते असं. औशाच्या शाळेची नोंद रोज साडेआठला त्यांच्या ग्रुपमध्ये जाईल, त्यांच्या नोंदी आमच्या फळ्यावर लागतील. आकडे साध्या तक्त्यात, तारीख, वेळ, ठिकाण आणि मिलिमीटर, कुणालाही उतरवून घेता येतील असे. चित्र नाही, पीडीएफ नाही. महापालिका, धरणं, महसूल मंडळं यांनीही एवढंच करावं, त्याच दिवशी करावं आणि सगळ्यांसाठी खुलं करावं, अशी मागणी मी लेखी करणार आहे. तेरा देशांना जे जमतं ते उल्हास आणि गाढीकाठच्या गावांना न जमण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

आपांनी निघताना त्यांच्या आईच्या गावच्या शाळेचा पत्ता दिला. तिथेही पर्जन्यमापक आहे. मुलांनी पहिलं पत्र लिहायला घेतलं आहे, त्यात गुलाबचा नकाशा काढायचा की सोयाबीनचं चित्र, यावर वर्गात अजून वाद चालू आहे.